नामदार गोखले यांचा दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहींना गौरव : मराठी विचारविश्वातील वर्णद्वेषविरोधाचा एक अध्याय

प्रास्ताविक

दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या लढ्याचा इतिहास मराठीत बहुधा महात्मा गांधींच्या चरित्राचा पूर्वार्ध म्हणूनच वाचला जातो. त्या लढ्याशी महाराष्ट्राचा जो वैचारिक व प्रत्यक्ष संबंध आला, त्याकडे त्यामानाने कमी लक्ष गेले आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला आणि तेथून परतल्यावर मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये तुरुंगवास भोगलेल्या सामान्य हिंदी माणसांचा जाहीर गौरव केला. एका राष्ट्रीय नेत्याने फेरीवाले, मजूर व निरक्षर माणसे यांना देशाच्या सन्मानाचे रक्षक म्हणून गौरवावे, ही त्या काळाच्या मानाने असाधारण गोष्ट होती. या गौरवाला एक पूर्वपीठिका होती. वर्णद्वेषाविरुद्ध परदेशात लढणाऱ्या आपल्या बांधवांविषयी सहानुभूती व्यक्त करताना स्वदेशातील अस्पृश्यतेचे काय, हा प्रश्न त्यापूर्वी सोळा वर्षे आधीच मुंबईत विचारला गेला होता. गोखले यांचा गौरव आणि हा प्रश्न यांचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मराठवाड्याच्या, विशेषतः धाराशिव परिसराच्या दृष्टीने या प्रश्नाला जो अर्थ आहे, त्याचाही ओघाने परामर्श घेतला आहे.

न्यायमूर्ती रानडे यांचा प्रश्न

१८९६ मध्ये बॅरिस्टर मोहनदास गांधी काही महिन्यांसाठी हिंदुस्थानात आले होते. नाताळ व ट्रान्सवाल येथे हिंदी माणसाला पदपथावरून चालता येत नाही, रेल्वेच्या पहिल्या वर्गात बसता येत नाही, हॉटेलात प्रवेश मिळत नाही, या गोष्टी त्यांनी मुंबई, पुणे, मद्रास येथील सुशिक्षितांना सांगितल्या. लोकमत प्रक्षुब्ध झाले. याच सुमारास मुंबईत हिंदू युनियन क्लबच्या विद्यमाने न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे व्याख्यान झाले. रानडे हे गांधींना सल्ला देणाऱ्यांपैकी होते. त्यांच्या सहानुभूतीविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. व्याख्यानाच्या आरंभी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील बांधवांच्या लढ्याला मनःपूर्वक पाठिंबा दिला आणि मग श्रोत्यांना अनपेक्षित असे वळण घेतले. ही सहानुभूती देशाबाहेर गेलेल्या पीडितांपुरतीच आहे काय, की जेथे जेथे अन्याय असेल तेथे ती पोहोचणार आहे, असे त्यांनी विचारले. परकीयांना दोष देणे सोपे आहे, परंतु दोष देणाऱ्याने स्वतःच्या घरात डोकावले पाहिजे, असे सांगून त्यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांत तथाकथित हीन जातींना कसे वागविले जाते याचे वर्णन केले. त्या वर्णनाने श्रोते खाली मान घालून बसले असतील, यात नवल नाही.

हे व्याख्यान आज ज्ञात आहे ते मुख्यतः गोखले यांच्यामुळे. गोखले त्या सभेत श्रोते म्हणून उपस्थित होते. १९०३ च्या एप्रिलमध्ये धारवाड येथील सामाजिक परिषदेत कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या उन्नतीचा ठराव त्यांनी मांडला, तेव्हा रानडे यांच्या व्याख्यानाची आठवण त्यांनी विस्ताराने सांगितली. रानडे यांचे निधन १९०१ च्या जानेवारीत झाले होते. गुरूच्या विचाराचा आधार घेऊन शिष्याने धारवाडच्या परिषदेत जो युक्तिवाद केला तो आजही वाचण्यासारखा आहे. अस्पृश्य मानलेला मनुष्य धर्मांतर करून अंगावर कोट-पाटलोण चढवून आला की त्याच्याशी हस्तांदोलन करण्यास आपल्याला संकोच वाटत नाही. मग त्याच्या जन्मात दोष होता की आपल्या दृष्टीत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. अस्पृश्यतेला गोखले यांनी केवळ धर्मशास्त्राचा प्रश्न मानले नाही. न्याय, मानवता आणि राष्ट्रीय स्वार्थ या तिन्ही कसोट्यांवर त्यांनी ती तपासली.

हे लक्षात घेतले पाहिजे, कारण १९१२ मध्ये जो नेता दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला, तो हा प्रश्न मनात बाळगून उतरला होता. त्याने त्याचे पुढे काय केले, हा वेगळा भाग.

गिरमिट आणि तीन पौंडांचा कर

नाताळमधील उसाच्या मळ्यांसाठी मद्रासहून करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी डरबन येथे पोहोचले. १९११ पर्यंत दीड लाखाहून अधिक स्त्री-पुरुष या पद्धतीने तेथे नेले गेले. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे मजुरांनी केलेले 'गिरमिट' हे रूप पुढे सर्व हिंदुस्थानी भाषांत रूढ झाले. पाच वर्षांचा करार संपल्यावर मजुराने स्वतंत्रपणे तेथेच राहू नये, त्याने एकतर पुन्हा करार करावा किंवा मायदेशी परतावे, या हेतूने नाताळ सरकारने १८९५ च्या कायद्यान्वये करारमुक्त मजुरांवर दरसाल तीन पौंडांचा कर बसविला. मजुराच्या पत्नीलाही तो लागू होता. सोळा वर्षांवरील मुलगा व तेरा वर्षांवरील मुलगी यांनाही. करारातील पहिल्या वर्षाचे वेतन महिना दहा शिलिंग होते. म्हणजे हा कर नव्या मजुराच्या सहा महिन्यांच्या वेतनाइतका होता, आणि चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला बारा पौंड भरावे लागत. कर या नावाखाली ही पुन्हा दास्यात ढकलण्याचीच व्यवस्था होती.

गोखले यांनी या विषयाला कायदेमंडळात हात घातला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळसाठी करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला व तो स्वीकारला गेला. १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी सर्वच वसाहतींसाठी गिरमिट पद्धत रद्द करावी असा ठराव त्यांनी आणला, परंतु सरकारी बहुमतापुढे तो टिकला नाही. तरीही या भाषणांमुळे गिरमिटाचा प्रश्न अर्जविनंत्यांच्या पातळीवरून राष्ट्रीय अप्रतिष्ठेच्या पातळीवर आला. दरम्यान ट्रान्सवालमध्ये आशियाई नोंदणीच्या कायद्याविरुद्ध १९०७ पासून सत्याग्रह सुरू होता. त्यात नागप्पन या तरुणाचा तुरुंगातील हालांमुळे जुलै १९०९ मध्ये मृत्यू झाला. हद्दपार केलेला नारायणस्वामी परतताना बंदरात उतरू न दिल्यामुळे जहाजांवरच हिंडत राहिला आणि ऑक्टोबर १९१० मध्ये मरण पावला. १९०९ च्या लाहोर काँग्रेसमध्ये गोखले यांनी या लढ्याविषयी भाषण केले व निधी उभारण्यास चालना दिली. रतन टाटा यांनी त्या वेळी २५,००० रुपये दिले होते.

सोन्याचा पत्रा आणि मराठी भाषण

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केपटाऊनला उतरले. दक्षिण आफ्रिकेच्या संघराज्य सरकारने त्यांना सरकारी पाहुण्याचा मान दिला व रेल्वेचा खास डबा दिला. ज्या देशात हिंदी माणसाला सामान्य डब्यात बसण्यासाठी झगडावे लागत होते, तेथे एका हिंदी माणसाला हा मान मिळत होता. व्यक्तीला मान देऊन समूहाचा हक्क नाकारणे ही राज्यकर्त्यांची जुनी हातोटी आहे. गोखले यांना ती कळत नव्हती असे समजण्याचे कारण नाही. जोहान्सबर्ग स्थानकावर हर्मन कॅलनबॅक या गांधींच्या वास्तुशास्त्रज्ञ मित्राने भव्य कमान उभारली होती. तेथे अर्पण केलेले मानपत्र सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले होते आणि त्यावर हिंदुस्थान व सिलोन यांचा नकाशा होता.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या दौऱ्यातील एक तपशील अधिक मोलाचा आहे. जोहान्सबर्गमधील हिंदी वस्तीत कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू होते. गोखल्यांचे मराठी भाषण ऐकण्याची त्यांची इच्छा होती. गांधींनी ती गोखल्यांपुढे मांडली आणि आपण त्याचा हिंदुस्थानीत अनुवाद करू असे सांगितले. तुमचे हिंदुस्थानी किती आहे ते मला ठाऊक आहे, आता हे मराठीचे पांडित्य कोठून आले, असा गोखल्यांनी विनोदाने प्रतिप्रश्न केला. आपल्याला मराठी बोलता येत नाही, पण परिचित विषयावरील भाषणाचा आशय निश्चित समजेल, असे गांधींनी उत्तर दिले. गोखले राजी झाले आणि तेथून झांझिबारपर्यंत हिंदी लोकांच्या सभांतून ते मराठीतच बोलले; गांधी अनुवादक होते. गांधींनी 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास' या ग्रंथात हा प्रसंग वर्णिला आहे. कायदेमंडळात ज्यांच्या इंग्रजीचा दबदबा होता, अर्थसंकल्पावरील ज्यांची भाषणे व्हाइसरॉयांनाही लक्षपूर्वक ऐकावी लागत, त्या गोखल्यांची मराठी वक्ता म्हणून फारशी ख्याती नव्हती. गुहागर तालुक्यातील कोतळूकला जन्मलेल्या या कोकणपुत्राने कोकणातून गेलेल्या मुसलमान बांधवांसमोर आफ्रिकेत मराठीत बोलावे, या घटनेची मराठी भाषेच्या इतिहासात कोठे नोंद झालेली दिसत नाही, ही खेदाची बाब आहे.

नाताळमध्ये मात्र प्रसंग गंभीर होते. डरबन येथे तीन पौंडांच्या कराने गांजलेल्या मजुरांच्या तक्रारी गोखल्यांनी स्वतः ऐकल्या. तोपर्यंत सत्याग्रहाच्या मागण्यांत हा कर समाविष्ट नव्हता. ट्रान्सवालमधील लढा प्रामुख्याने नोंदणी व प्रवेशबंदीच्या कायद्यांविरुद्ध होता आणि त्याचे सुरुवातीचे नेतृत्व व्यापारी वर्गाकडे होते. १४ नोव्हेंबर १९१२ रोजी प्रिटोरियात जनरल बोथा, जनरल स्मट्स व फिशर या मंत्र्यांशी गोखल्यांची सुमारे दोन तास भेट झाली. नोंदणीचा काळा कायदा रद्द होईल, प्रवेशाच्या कायद्यातील वांशिक भेद काढला जाईल आणि तीन पौंडांचा कर उठविला जाईल, अशी आपली खात्री झाल्याचे त्यांनी बाहेर येऊन गांधींना सांगितले. वर्षाच्या आत तुम्ही हिंदुस्थानात परतले पाहिजे, असेही ते म्हणाले. गांधींना या मंत्र्यांचा अनुभव अधिक होता. त्यांनी शंका व्यक्त केली.

टाऊन हॉलमधील गौरव

१४ डिसेंबर १९१२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये सभा झाली. दौऱ्याचा वृत्तान्त देताना गोखले यांनी गांधींविषयी जे उद्गार काढले ते चरित्रग्रंथांतून वारंवार येतात : वीर आणि हुतात्मे ज्या द्रव्याचे घडतात त्याच द्रव्याचे गांधी घडलेले आहेत, आणि सभोवतालच्या सामान्य माणसांतून तसेच वीर घडविण्याची शक्ती त्यांच्यापाशी आहे, असा त्यांचा आशय होता. परंतु त्याच भाषणातील पुढचा भाग अधिक अभ्यासनीय आहे. ट्रान्सवालमधील सत्याग्रहात २,७०० कारावासाच्या शिक्षा भोगल्या गेल्याचे गोखल्यांनी सांगितले. त्या भोगणाऱ्यांत काही सधन होते, काही लहान व्यापारी होते. बहुसंख्य मात्र फेरीवाले, कष्टकरी, शिक्षणाचा गंध नसलेली, देश या कल्पनेचा विचार करण्याची वा तिच्याविषयी बोलण्याची सवय नसलेली माणसे होती. या माणसांनी अपमानास्पद कायद्यापुढे मान तुकविण्याऐवजी तुरुंगाचे हाल पत्करले, काहींनी ते पुन्हा पुन्हा पत्करले, असे त्यांनी निक्षून सांगितले.

येथे दोन गोष्टी घडल्या आहेत. पहिली म्हणजे राष्ट्रवादाच्या परिभाषेत त्यागाचा मान आतापर्यंत ज्यांना मिळत नव्हता, त्यांना तो मिळाला. १९१२ च्या टाऊन हॉलमधील श्रोतृवर्ग वकील, व्यापारी, पदवीधर यांचा होता. देशसेवा म्हणजे सुशिक्षितांनी निरक्षरांसाठी करावयाचे कार्य, अशी त्या वर्गाची धारणा होती. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाची रचनाही काहीशी याच धारणेवर होती. आफ्रिकेतील फेरीवाल्याने ती उलटी केली. दुसरी गोष्ट अशी की ट्रान्सवालच्या लढ्याच्या उत्तरकाळात सर्वाधिक चिकाटी दाखविली ती थंबी नायडू यांच्या नेतृत्वाखालील तमिळ सत्याग्रहींनी. नाताळच्या मळ्यांवरील मद्रासकडील मजुरांत तर स्वदेशी अस्पृश्य गणल्या जाणाऱ्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. समुद्र ओलांडून ज्यांच्या धैर्याचे स्तोत्र गायिले जात होते, त्यांच्यातील कित्येकांना त्या सभागृहातील अनेकांच्या घरचा उंबरठा ओलांडता आला नसता. रानडे यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची ही संधी होती. परदेशातील वर्णभेदाच्या निषेधाला स्वदेशातील जातिभेदाच्या निषेधाची जोड देण्याचे काम धारवाडच्या गोखल्यांनी केले होते. टाऊन हॉलच्या गोखल्यांचा भर मात्र राष्ट्रीय सन्मानावर राहिला. राजकीय नेत्याला एका सभेत एकच लढाई लढता येते, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. तथापि हे समर्थन अपुरे आहे, कारण रानडे यांनी नेमके प्रक्षोभाच्या क्षणीच लोकांना अंतर्मुख केले होते आणि त्याचेच गोखल्यांना सर्वाधिक कौतुक वाटले होते.

या गौरवाची दुसरी मर्यादा आफ्रिकी जनतेच्या संदर्भात दिसते. नाताळमध्ये असताना गांधी गोखल्यांना फिनिक्स आश्रमाजवळच्या ओहलांगे येथील जॉन ड्यूब यांच्या शाळेत घेऊन गेले. ड्यूब हे त्याच वर्षी ८ जानेवारी रोजी ब्लूमफाँटेन येथे स्थापन झालेल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते; हीच संघटना पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखली गेली. ड्यूब यांच्याशी गोखल्यांनी आफ्रिकी लोकांच्या प्रश्नाविषयी चर्चा केली, विद्यार्थ्यांनी त्यांना झुलू गीते ऐकविली. ड्यूब यांच्याच 'इलांगा लासे नाताल' या पत्राने या भेटीची नोंद घेतली. दोन पीडित समाजांच्या नेत्यांची ही भेट पुढील काळाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तथापि त्या वेळी तिचे रूपांतर समान लढ्यात झाले नाही. १९१३ च्या जूनमध्ये आफ्रिकी जनतेला सुमारे सात टक्के भूमीपुरते सीमित करणारा जमीन कायदा आला, तेव्हा हिंदी लढा आपल्या वेगळ्या वाटेने चालला होता. त्या काळातील गांधींच्या लेखनात आफ्रिकी लोकांविषयी आलेल्या अनुदार उल्लेखांवर अलीकडच्या संशोधकांनी, विशेषतः अश्विन देसाई व गुलाम वाहेद यांनी २०१५ च्या ग्रंथात, कठोर टीका केली आहे. ती टीका सर्वांशाने मान्य नसली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करून हा इतिहास यापुढे लिहिता येणार नाही.

दिलेल्या शब्दाची किंमत

प्रिटोरियातील आश्वासन टिकले नाही. १९१३ मध्ये नाताळच्या गोऱ्यांचा विरोध असल्यामुळे कर रद्द करता येणार नाही, अशी भूमिका सरकारने घेतली. याच वर्षी मार्चमध्ये केप प्रांताच्या न्यायालयाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेल्या विवाहांना कायदेशीर मान्यता नाकारली. गांधींच्या दृष्टीने गोखल्यांना दिलेला शब्द मोडणे हा हिंदुस्थानचा अपमान होता, आणि या वचनभंगामुळेच तीन पौंडांच्या कराचा प्रश्न सत्याग्रहात घेण्याचा नैतिक आधार त्यांना मिळाला. अशा रीतीने पुण्याच्या एका नेमस्त नेत्याचा शब्द नाताळच्या खाणकामगारांच्या संपाचे कारण ठरला. ज्यांच्यासाठी शब्द घेतला होता, तो मोडल्याचे मोल त्यांनीच चुकविले.

सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा व फिनिक्सची तुकडी फोक्सरस्ट येथे अटकेत गेली. ट्रान्सवालमधील स्त्रियांनी न्यूकॅसलच्या कोळसा खाणीत जाऊन मजुरांना संपाचे आवाहन केले व त्या तुरुंगात गेल्या. ६ नोव्हेंबर रोजी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले यांचा मोर्चा ट्रान्सवालच्या सीमेकडे निघाला. गांधींना अटक झाली. पण संप किनाऱ्यालगतच्या उसाच्या मळ्यांत पसरला. तेथे गोळीबार झाले, मजूर मारले गेले. हरबतसिंग नावाचा सत्तरी ओलांडलेला मजूर स्वेच्छेने तुरुंगात आला आणि १९१४ च्या आरंभी तेथेच मरण पावला. सोळा वर्षांची वल्लिअम्मा तुरुंगातून ताप घेऊन बाहेर पडली व २२ फेब्रुवारी १९१४ रोजी तिचा अंत झाला.

हिंदुस्थानात गोखले त्या वेळी मधुमेहाने जर्जर झाले होते. तरीही निधी गोळा करणे, तारा पाठविणे, सरकारवर दडपण आणणे हे काम त्यांनी अंथरुणावरून व प्रवासातून चालू ठेवले. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी २४ नोव्हेंबर १९१३ रोजी मद्रास येथे सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती दाखविली. गोखल्यांनी सी. एफ. अँड्र्यूज व डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन यांना आफ्रिकेत धाडले. चौकशी आयोगावर बहिष्कार घालण्याच्या प्रश्नावर गांधी व गोखले यांच्यात मतभेद झाले. गोखल्यांना बहिष्कार अयोग्य वाटत होता. परंतु मतभेद असूनही त्यांनी मदत थांबविली नाही. टाऊन हॉलमधील शब्दांहून हे वर्तन अधिक बोलके आहे. जुलै १९१४ मध्ये संमत झालेल्या कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला आणि हिंदी विवाहांना मान्यता मिळाली. मायदेशी निघण्यापूर्वी, १५ जुलै रोजी, जोहान्सबर्गच्या ब्रामफाँटेन स्मशानभूमीत नागप्पन व वल्लिअम्मा यांच्या स्मृतिशिलांच्या अनावरणास गांधी उपस्थित होते. गोखले यांचे १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात निधन झाले.

मराठवाड्याच्या अंगाने

गोखले आफ्रिकेत होते तेव्हा धाराशिव परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान गादीवर येऊन एकच वर्ष झाले होते. त्याच्याच नावावरून या शहराला उस्मानाबाद हे नाव पडले. २०२३ मध्ये धाराशिव हे नाव अधिकृत झाले. पुण्या-मुंबईसारख्या राजकीय सभांना संस्थानात वाव नव्हता. येथील अस्पृश्य समाजावर सरंजामी राजवट आणि जातिव्यवस्था यांचे दुहेरी ओझे होते. रानडे यांच्या प्रश्नाचे गांभीर्य याच भूमीत एका प्रसंगाने अधोरेखित झाले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी प्रवेशद्वाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तेव्हा हौद बाटविल्याचा आरोप करीत जमाव धावून आला. नाताळमध्ये पदपथ नाकारला जात होता, दौलताबादेत पाणी. बाबासाहेबांनी हा अनुभव आपल्या आत्मकथनात नोंदविला असून हिंदूंच्या लेखी जो अस्पृश्य तो मुसलमानांच्याही लेखी अस्पृश्यच कसा राहतो, याचे उदाहरण म्हणून तो दिला आहे.

३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे आणि २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषदा झाल्या. तडवळ्याची परिषद महार-मांग वतनदारांची होती. वतनाचा प्रश्न आणि गिरमिटाचा प्रश्न यांतील साम्य येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. गिरमिट पाच वर्षांचे होते, वतन पिढीजात. गिरमिटात कागदावर अंगठा उमटविला जाई, वतनात जन्म हाच अंगठा होता. गावकीची अहोरात्र वेठ आणि तिच्या मोबदल्यात मिळणारे तुटपुंजे बलुते यांनी माणूस बांधलेला असे. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात वंशपरंपरागत हुद्द्यांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले होते. गोखल्यांनी गिरमिटाविरुद्ध कायदेमंडळात जो मार्ग चोखाळला, तोच हा मार्ग. फरक एवढाच की येथे पीडितांच्या बाजूने बोलणारा पीडितांपैकीच होता. महार व मांग यांना एका मांडवाखाली आणण्याचा तडवळ्याचा प्रयत्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

१९४६ मध्ये हे दोन्ही प्रश्न पुन्हा समोरासमोर आले. दक्षिण आफ्रिका सरकारने हिंदी लोकांच्या भूधारणेवर निर्बंध घालणारा कायदा केला, त्याविरुद्ध जूनमध्ये डरबनला पुन्हा सत्याग्रह सुरू झाला आणि हिंदुस्थानने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. विजयालक्ष्मी पंडित यांनी बाजू मांडली. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव संमत केला. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान त्या वेळी जनरल स्मट्स होते, जे प्रिटोरियात गोखल्यांसमोर बसले होते. त्याच वर्षी, जुलैच्या सुमारास, डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील निग्रो समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठविलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागविल्या आणि अस्पृश्यांच्या वतीनेही असाच अर्ज करण्याचा विचार कळविला. ३१ जुलै रोजी ड्युबॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. मुंबईत रानडे यांनी तो प्रश्न विचारला त्याला त्या वर्षी पन्नास वर्षे झाली होती.